तारीख काय लिहू

ऑस्ट्रियातल्या एका गावाहून बाई आली,
गेर्लिंडे नावाची, सत्तरीची, गुडघ्याला पट्टा.
गावाचं नाव तीनदा विचारूनही
माझ्या तोंडात बसेना,
तेव्हा तिनं वहीत डोंगर काढला,
डोंगराच्या पोटात शिडी,
आणि शिडीच्या पायथ्याशी बोट ठेवून म्हणाली: मीठ.

मी आगरवाड्याचा पंचायत सचिव.
वरून पत्र होतं, पाहुणीला स्थानिक वारसा दाखवावा,
सोबतचा तक्ता भरून पाठवावा.
आमच्या कचेरीत वारसा म्हणजे
चार भाऊ, एक माड, सतरा तारखा.

डोंगरात मीठ असतं हेच मला नवीन.
तिचा आजा लाकडी घसरगुंडीवरून खाली जायचा
ढुंगणाला चामडं बांधून.
आता खाण बंद, वर तिकीट.
किल्ली हिच्याकडे.
शाळा मिटली, बँड चालू आहे:
रविवारी अकरा जण वाजवतात,
ऐकायला नऊ.

मार्चचं ऊन. आम्ही बांधावरून चाललो,
ती पुढे, पट्टा सावरत.
शाबी नागवेकर आगरात उभी होती,
पोटरीपर्यंत पांढरी.
मी म्हटलं, 'शाबीमावशी, ह्या बाईला वारसा बघायचाय.'
तिची फळी थांबली नाही.
'वारस एकच. तो बोटीवर कांदे चिरतो.'
'वारस नाही गो. वारसा.'
'तो वारसाच्या मागनंच येतो मरे.'

हे मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं.
गेर्लिंडे आधी हसली,
मग बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

मग शाबीनं आपणहून दाखवलं सगळं:
मानशीचं दार, भरतीला कधी उघडायचं,
कुठल्या कोंडीत पाणी नुसतं तापतं,
कुठल्या कोंडीत बसतं.
तळ पायांनी चोपायचा,
इतका, की त्या चिखलात तोंड दिसलं पाहिजे.
'कुणाचं?' गेर्लिंडेनं विचारलं.
'ज्यानं चोपला त्याचं.'

निघताना गेर्लिंडेनं पिशवीतून खडा काढला,
गुलाबी, करड्या शिरांचा, आंब्याच्या कोयीएवढा.
पंचवीस कोटी वर्षांचा,
वहीत तिनं शून्यं मांडून दाखवली.
शाबीनं पदराला पुसून जीभ लावली.
'खारट आहे,' म्हणाली, जराशी खात्री पटल्यासारखी.
मग राशीतलं मूठभर उचलून
गेर्लिंडेच्या ओंजळीत घातलं.
'हे परवाचं.'

तक्त्यात 'वय' ह्या रकान्यात
मी 'परवा' लिहिलं.
साहेबांनी तांबड्या शाईनं गोल केला.
'जतनाचे उपाय' ह्याखाली
शाबीनं सांगितलेलंच लिहिलं:
चार माणसं, दोन महिने, बांधावर.
मिळाली दोन.
त्यातला एक दुपारनंतर येत नाही.

जुलैत गेर्लिंडेचं पत्र आलं.
मूठ पोचली. काचेच्या पेटीत ठेवली आहे,
तिच्या आज्याच्या चामड्याशेजारी.
बाजूला चिठ्ठी लावायची आहे,
गावाचं नाव लिहिलं, बाईचं लिहिलं,
तारीख काय लिहू?

तो खडा मी फायलींच्या कपाटात ठेवला होता.
कधी घाम फुटला त्याला, कळलंच नाही.
शिपायाला वाटलं छत गळतंय,
त्यानं खाली वाटी लावली.
इतकी वर्षं डोंगरात कोरडा राहिलेला,
आमच्या हवेत दोन पावसाळी महिन्यांत
निम्मा झाला.

पत्राला उत्तर अजून दिलेलं नाही.
वाटीतलं पाणीही फेकलेलं नाही.
शाबीला दाखवायला नेली वाटी,
तिनं बोट बुडवून चाखलं,
'ठेव झाकून,' म्हणाली,
'दिवाळीनंतर ऊन धरलं की आण.
बघूया,
बसतं का.'